बेत पावलांचा असावा

ओस्लोच्या विगेलँड उद्यानाला तिकीट नाही आणि ते वर्षाच्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही प्रहरी बंद नसते. आत दोनशेहून अधिक शिल्पे आहेत, काही ब्राँझची, काही ग्रॅनाइटची, आणि ती सगळी गुस्ताव विगेलँड (1869–1943) या एकाच शिल्पकाराची आहेत. उद्यानाची आखणी, लोखंडी दारे, दिव्यांचे खांब हेही त्याच्याच कल्पनेतले. मुख्य दारापासून टोकाच्या शिल्पापर्यंतची सरळ वाट अवघी 850 मीटरची. रांग नाही, वेळेचे बंधन नाही, वाट चुकण्याची भीती नाही. अशा जागी जाण्यासाठी बेत आखायची गरजच काय, असे कुणालाही वाटेल. तरीही हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. गाडीचे आरक्षण आणि मुक्कामाची खोली यांचे नियोजन आपल्याला जमते, कारण तिथे काय मिळणार हे आधीच ठाऊक असते. शिल्पांच्या सहवासात जे लाभावे अशी आशा आपण धरतो, ते आधी ठाऊक नसते, मागून घेता येत नाही आणि पुष्कळदा लाभतही नाही. जे आपल्या हाती नाही त्याच्यासाठी आपल्या हाती असलेले काय करावे, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. बागेतल्या एका फेरफटक्याच्या निमित्ताने तो नीट तपासता येतो. माझे म्हणणे असे की बेत अवश्य आखावा, मात्र तो पावलांचा असावा. अनुभवाचा बेत आखू नये.

बेताच्या विरोधातला पक्ष हलका नाही, म्हणून तो आधी नीट मांडला पाहिजे. सौंदर्य अवचित भेटते. भक्तिपरंपरेत कृपा ही कमाई मानलेली नाही, ती देणाऱ्याच्या मर्जीने येते. मग वेळापत्रक लिहून तिची वाट पाहणे हा अहंकारच नव्हे का? शिवाय बेत आखणारा माणूस आपल्या अपेक्षा बरोबर घेऊन जातो आणि समोरच्या वस्तूत त्या अपेक्षाच शोधत राहतो. या उद्यानातच याचा पुरावा आहे. तिथल्या पुलाच्या कठड्यांवर ब्राँझची 58 शिल्पे उभी आहेत. त्यांत रागाने पाय आपटणारा, मुठी आवळलेला एक लहानगा आहे. छापील पत्रकांपासून प्रवासवर्णनांपर्यंत सगळीकडे त्याचेच चित्र असते. येणाऱ्या माणसांनी त्याच्या मुठीला इतक्यांदा हात लावला आहे की तेवढाच भाग सोन्यासारखा चकाकतो. या स्पर्शात मला उथळपणा दिसत नाही. धातूच्या मुलाशी नाते जोडावेसे वाटणे ही माणसाची चांगली ओढ आहे. पण बाकीची 57 शिल्पेही त्याच हातांनी घडवलेली आहेत, आणि त्यांच्या वाट्याला अशी झळाळी आलेली नाही. काय आवडून घ्यायचे हे आधीच ठरलेले असले की डोळे कसे एकाच जागी जाऊन थांबतात, हे त्या चकाकणाऱ्या मुठीवरून कळते. इथवर विरोधकांचे म्हणणे मान्य करायला हवे.

मात्र त्यांचा पुढचा निष्कर्ष मान्य करता येत नाही. बेत न आखता गेलेला माणूस मोकळा असतो, असे ते गृहीत धरतात. परक्या शहरात, थोड्या वेळासाठी, दमलेल्या पायांनी आलेला माणूस क्वचितच मोकळा असतो. त्याने स्वतः काही ठरवले नसेल तर त्याच्या वतीने दुसरे कुणीतरी ठरवते: गर्दी जिकडे वळते ते वळण, हातातला फोन दाखवतो ते चित्र, बसच्या चालकाने दिलेली वेळ, पोटातली भूक. बेत नसलेल्यांची पावलेही त्याच मुठीपाशी जाऊन थांबतात, कारण तिथे आधीच दहा माणसे उभी असतात. उत्स्फूर्तता ज्याला म्हणतात ती खरी असेल तर तिला आधी या सगळ्या दडपणांतून सोडवावे लागते, आणि ते सोडवण्याचे काम घरून निघण्यापूर्वीच करावे लागते. दीर्घ रियाजानंतर गायकाला बढतीत जे अचानक सुचते, ते रियाज न करणाऱ्याला सुचत नाही. सुचणे रियाजाच्या हुकमतीत नसते हे खरे. पण सुचण्यासाठी जी जागा लागते ती रियाजानेच तयार होते.

आता थोडा हिशेब मांडू. शिल्पांची संख्या 212 धरली आणि अर्धा तास हाती असला, तर एका शिल्पाला साडेआठ सेकंदही धड येत नाहीत. त्यातही चालण्याचा वेळ वजा केलेला नाही. प्रत्येकापुढे एक मिनिट उभे राहायचे ठरवले तर साडेतीन तास लागतात, आणि एका मिनिटात दगडाभोवती फिरून होत नाही. सगळे पाहणे इथे कुणालाच शक्य नाही. प्रत्येक जण पुष्कळ काही सोडूनच परततो. ते विचाराने सोडले की थकव्याने सुटले, एवढाच फरक उरतो. म्हणून बेताचे पहिले काम यादी वाढवण्याचे नसून ती कमी करण्याचे आहे. व्रताचा संकल्प करताना माणूस काय मिळवणार हे सांगत नाही, काय वर्ज्य करणार हे सांगतो. तसाच संकल्प इथे करता येतो: आज पूल ओलांडून जाऊ पण त्यावर रेंगाळणार नाही, आज फक्त कारंजे आणि वरचा चौथरा. हे सोडणे चटका लावणारे असते, आणि तो चटका सोसायची तयारी हीच पाहण्याची पहिली अट आहे. पतंजलीने चित्त एका जागी बांधून ठेवण्याला धारणा म्हटले आणि ध्यान त्यानंतर ठेवले. जागा निवडल्यावाचून बांधणे नाही, आणि एक जागा निवडायची तर बाकीच्या सोडाव्याच लागतात.

कोणती जागा निवडावी हे ज्याचे त्याने ठरवावे. पण पाहायचे कसे, हे उद्यानाच्या घडणीतच सांगून ठेवलेले आहे. सहा बलदंड पुरुषांनी तोललेल्या पात्रातून पडणारे कारंजे घ्या. त्याच्या चौफेर ब्राँझचे 20 वृक्षसमूह आहेत, त्यांच्या फांद्यांत मुले, तरुण, म्हातारे आणि अखेरीस एक सांगाडाही आहे. खालच्या कठड्यावर 60 उठावशिल्पे आहेत आणि त्यांत जन्मापासून मरणापर्यंतचा, पुन्हा मरणातून उगवणाऱ्या जीवनाचा क्रम चालत राहतो. एका जागी उभे राहून हा क्रम दिसत नाही. हौदाला पूर्ण फेरी घालावी लागते. पुढे पायऱ्यांच्या गोल चौथऱ्यावर ग्रॅनाइटचे 36 समूह बारा ओळींत, मध्यापासून बाहेर पसरलेल्या किरणांसारखे मांडले आहेत आणि मधोमध सुमारे 17 मीटर उंचीचा एकाश्म स्तंभ आहे. एकाच शिळेतून कोरलेल्या त्या स्तंभावर एकमेकांना बिलगत, एकमेकांवर चढत, वर वर सरकणाऱ्या 121 मानवाकृती आहेत. हा स्तंभ समोरून पाहायचा नाही, कारण त्याला समोर ही बाजूच नाही. प्रदक्षिणा घालणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. वेरुळच्या कैलास लेण्यात गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेचा मार्ग कातळातच सोडलेला आहे. पाहणाऱ्याने चालावे अशी मागणी तिथे दगडानेच केली आहे. पावलांचा बेत आखणे म्हणजे ही मागणी आधीच मान्य करून निघणे.

पावलांचा बेत आणि अनुभवाचा बेत यांतला भेद महाराष्ट्रात वारीइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. आळंदी ते पंढरपूर या वाटेवरचे मुक्काम ठरलेले असतात, विसावे ठरलेले असतात, दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात, रिंगणाच्या जागाही ठरलेल्या असतात. इतके शिस्तबद्ध नियोजन असलेला दुसरा लोकोत्सव दाखवणे अवघड आहे. पण या सगळ्या तपशिलात, वारकऱ्याला कोणत्या क्षणी काय वाटावे याची नोंद कुठेही नसते. इतके चालून गेल्यावर गाभाऱ्यापर्यंत पोहोचता आले नाही तर हजारो माणसे कळसाला हात जोडून समाधानाने घरी परततात. चालणे पूर्ण झाले, ते त्यांच्या हाती होते. भेट कशी व्हावी हे दुसऱ्याच्या हाती होते. कर्मावर अधिकार आणि फळावर नाही, हा गीतेचा विचार इथे तत्त्वचर्चेत अडकून न राहता रस्त्यावर उतरलेला असतो. नियोजन आणि समर्पण यांत विरोध आहे असे मानणाऱ्याने वारीकडे पाहावे. तिथे नियोजन जितके काटेकोर, तितके मन रिकामे ठेवायला मोकळे, कारण आता कुठे वळायचे, कुठे थांबायचे ही चिंता मनाला करावी लागत नाही.

विगेलँडच्या उद्यानाचा इतिहासही हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. कारंज्याची कल्पना त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मांडली तेव्हा ते नॉर्वेच्या संसदेसमोर उभे राहायचे होते. जागेवरून वर्षानुवर्षे वाद चालला, जागा बदलली, आणि 1924 मध्ये ते शहराबाहेरच्या बाजूला, फ्रोगनरच्या मोकळ्या जागेत न्यायचे ठरले. त्याआधी 1921 मध्ये शहराशी त्याचा करार झाला होता: शहराने त्याला राहायला आणि काम करायला वास्तू द्यायची, त्याने आपले काम शहराला द्यायचे. स्तंभाचा नमुना त्याने 1924–25 मध्ये सुमारे दहा महिन्यांत मातीत घडवला. तो दगडात उतरवायला तीन पाथरवटांना 1929 पासून 1943 पर्यंत, म्हणजे 14 वर्षे लागली. 1943 च्या मार्चमध्ये विगेलँड वारला. उद्यान पुरते मांडून झालेले त्याला पाहायला मिळाले नाही. ज्या माणसाने दाराच्या नक्षीपासून दिव्याच्या खांबापर्यंत सगळे आखले, त्याच्या आखणीतून शेवटचे दृश्य तेवढे निसटले. त्या पाथरवटांनी तर दुसऱ्याची कल्पना कोरण्यात आयुष्याची ऐन वर्षे घातली. यातल्या कुणाचे श्रम वाया गेले असे आपण म्हणत नाही. मग त्या श्रमांपुढे जाऊन उभे राहणाऱ्याने थोडी तयारी करावी आणि तिच्या फळाचा हट्ट धरू नये, हे मागणे फार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप असा येईल: तयारी म्हणजे वाचन, आणि वाचनाने नजर विटाळते. स्तंभाबद्दल लिहिणाऱ्यांनी त्यात कुठे पुनरुत्थान पाहिले आहे, कुठे ईश्वराची ओढ, कुठे जगण्याची झुंज. काही समीक्षकांनी या धिप्पाड, नग्न देहांचे 1930 च्या दशकातल्या हुकूमशाही राजवटींच्या भव्य कलेशी साम्य दाखवून त्यांच्याविषयी अस्वस्थता व्यक्त केली आहे. हे सगळे डोक्यात घेऊन गेलेल्या माणसाला दगड दिसेल की मते? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून वाचनातही निवड हवी. शिल्प कसे घडले, किती काळ लागला, कोणत्या दगडाचे आहे, कुठे उभे राहायचे होते आणि कुठे उभे राहिले, हे आधी वाचावे; त्याने नजर थबकते. अर्थ काय, हे परतल्यावर वाचावे. विगेलँडने स्वतः आपल्या शिल्पांचे अर्थ सांगणे टाळले, आणि बहुतेक आकृतींना वस्त्रे दिली नाहीत, त्यामुळे त्यांच्या अंगावर काळाची, हुद्द्याची, देशाची खूण राहिली नाही. अर्थाची जागा त्याने मोकळी सोडली आहे. ती आपण दुसऱ्याच्या वाक्यांनी भरून नेऊ नये. समीक्षकांची अस्वस्थताही टाळण्याजोगी नाही. पण ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर तपासण्याची गोष्ट आहे, पाहण्याऐवजी बाळगायची नव्हे.

दुसरा आक्षेप धार्मिक मनाकडून येतो आणि तो अधिक मूलगामी आहे. बागेतले शिल्प म्हणजे देव नव्हे. त्याची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, त्याला नैवेद्य नाही, त्याच्यापुढे पिढ्यांचे नवस नाहीत. त्याच्या भेटीला वारीची आणि व्रताची उपमा देणे म्हणजे पवित्राला सहलीच्या पातळीवर आणणे आहे. हा भेद मला पूर्ण मान्य आहे, आणि तो मान्य केल्यावर माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. देवळातली मूर्ती आपल्या येण्यावर अवलंबून नसते. कुणी आले नाही तरी काकडआरती होते, शेजारती होते. समाजाच्या श्रद्धेने तिला धरून ठेवलेले असते, आणि विचलित मनाने आलेल्या भक्तालाही ती श्रद्धा सावरून घेते. शिल्पापाशी असा आधार नाही. आपण पाहिले तर ते काही बोलते, न पाहिले तर तो नुसता दगड. परंपरेने जे काम देवळात आपल्यासाठी करून ठेवलेले असते ते इथे एकट्या पाहणाऱ्याला करावे लागते. म्हणून शिस्तीची गरज देवळापेक्षा बागेत जास्त आहे. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (1909–1943) हिने निर्भेळ अवधानालाच प्रार्थनेच्या जवळ नेऊन ठेवले होते. तिचे म्हणणे स्वीकारले तर दगडाला देव न मानताही त्याच्यापुढे प्रार्थनेला लागणारी स्थिरता आणता येते, आणि त्याने देवाचे काही उणे होत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. हे सगळे सवड असलेल्यांचे चोचले आहेत. सहल कंपनीच्या बसने आलेल्या, म्हाताऱ्या आईवडिलांना आणि कंटाळलेल्या मुलांना घेऊन आलेल्या माणसाने कसली धारणा करायची? उलट, ज्याच्याकडे वेळ कमी त्यालाच बेत जास्त उपयोगी पडतो. अर्धाच तास असेल तर साडेआठ सेकंदांची दोनशे दर्शने घेण्यापेक्षा एका ग्रॅनाइटच्या समूहाभोवती दहा मिनिटे फिरणे कुणालाही शक्य आहे. त्याला पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. आणि सोबतच्यांचा विचार हा बेतातला दुय्यम तपशील नसून त्याचा नैतिक गाभा आहे. चौथऱ्याला पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना कुठे बसवायचे, त्यांच्यासोबत कोण थांबायचे, हे आधी ठरवलेले बरे. ओस्लोत डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो आणि जूनमध्ये जवळजवळ एकोणीस. थंडी, बर्फ, निसरडी फरशी यांचा हिशेब मुलांसाठी आणि वृद्धांसाठी करावा लागतो. त्या चौथऱ्यावरच्या दगडी माणसांत तान्ही मुले आहेत, एकमेकांना टेकलेले म्हातारे आहेत. त्यांच्याकडे टक लावून पाहायचे आणि आपल्या शेजारच्या म्हाताऱ्याला मागे टाकून पुढे पळायचे, यात पाहणे झालेच नाही. सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने आखलेला बेत शिल्पांच्याही गतीशी जुळतो.

मग असा बेत प्रत्यक्षात कसा दिसेल? त्यात काळ ठरलेला असेल, शक्यतो गर्दी नसलेली सकाळ, आणि आधी-नंतर दुसरे स्थळ टोचून ठेवलेले नसेल. त्यात काय सोडायचे ते ठरलेले असेल. फोटो काढायचे असतील तर ते फेरी पूर्ण झाल्यावर, असे ठरलेले असेल, कारण छायाचित्र एक बाजू निवडते आणि पावलांना थांबवते. प्रत्येक शिल्पाची पाठ पाहायची, हे ठरलेले असेल. पाठ कुणी छापत नाही, म्हणून तिथे आपल्या अपेक्षाही आधी जाऊन बसलेल्या नसतात. परतीची वाट ठरलेली असेल: सरळ मार्गाच्या टोकाला मोठी माणसे आणि मुले एकमेकांना धरून ब्राँझचे चक्र बनवतात, आणि जन्ममरणाच्या त्या चक्रापाशी पोहोचलेल्याने तिथूनच बसकडे न पळता त्याच वाटेने, आता उलट्या क्रमाने यावे. हवामानाला त्यात पूर्ण मुभा असेल. पाऊस आला तर ओल्या ग्रॅनाइटचा रंग गडद होईल, बर्फ पडले तर उघड्या खांद्यांवर साचेल. यातले काही आपण मागवलेले नसेल. इतके ठरवल्यावर काय वाटायला हवे, या रकान्यात एक अक्षरही लिहिलेले नसेल.

आणि काहीच वाटले नाही तर? हा शेवटचा प्रश्न टाळता येणार नाही, कारण बेत पाळूनही माणूस कोरडा परतू शकतो. तसे झाले तर बेत फसला असे मी म्हणणार नाही. आपले देणे म्हणजे उपस्थिती, सबुरी, सोबतच्यांची काळजी आणि मोकळी ठेवलेली नजर. ते दिले की आपला भाग पूर्ण झाला. जो माणूस काही न आखता गेला आणि कोरडा परतला, त्याला मात्र हे सांगता येत नाही की त्या जागेत काही नव्हते की त्याने पाहिले नव्हते. पावलांच्या बेताने निदान ही शंका मिटते. शिवाय ही सवय एका उद्यानापुरती राहत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसताना, पूजा मांडताना, मोठे पुस्तक हाती घेताना आपल्यापुढे हीच अडचण असते: परिणाम हुकमी नाही, म्हणून तयारीही नको असे वाटू लागते. परिणाम हुकमी नाही म्हणूनच तयारी मनापासून करावी. फळाची हमी असती तर ती तयारी म्हणजे साधा व्यवहार झाला असता; हमी नसताना केली म्हणून तिला श्रद्धा म्हणायचे.